‘कॉम्प्युटरात असंच आहे’ म्हणणाऱ्यांशी भांडण

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. आणि भांडण दुसऱ्या कुणाशी नाही, आपल्याच धंद्यातल्या भावांशी आहे. म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे, लिहून घेणारे, आणि ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ म्हणून ते पुढे रेटणारे, अशा सगळ्यांशी.

मुद्दा एका वाक्यात सांगतो. डेटाबेसमधली नोंद बदलली, तर आधी काय होतं, कुणी बदललं, कधी बदललं आणि कशाच्या आधारावर बदललं, हे ज्याच्या नावची ती नोंद आहे त्याला दिसलंच पाहिजे. नुसतं साठवून ठेवून उपयोग नाही. ‘सर्व्हरवर लॉग आहे ना’ हे उत्तर नव्हे, ती पळवाट आहे.

आयटीतले नसलेल्या वाचकांसाठी थोडं सोपं करून सांगतो. डेटाबेस म्हणजे आखलेली वही समजा. प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद. पेनाने लिहिलेल्या वहीत आकडा बदलायचा तर काट मारावी लागते, वर नवा आकडा लिहावा लागतो, शेजारी सही करावी लागते. खाडाखोड दिसते. डेटाबेसला मात्र ‘अपडेट’ नावाची एक आज्ञा दिली की जुना आकडा गायब आणि त्या जागी नवा. काट नाही, सही नाही, कागद खरवडल्याची खूणसुद्धा नाही. तो आकडा जन्मापासून तसाच होता असं वाटावं, इतकं स्वच्छ काम! आणि आपण इंजिनीयर लोक या स्वच्छतेवर खूश असतो.

या स्वच्छतेचा हिशेब कुणाकडून वसूल होतो ते बघा.

आमचे मामा कुरुंदवाडजवळ राहतात. दोन म्हशी, थोडा ऊस. दूध गावातल्या संस्थेत घालतात (संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही). सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की वजन आणि फॅट छापलेली पावती मिळते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. मामा पावत्या जपून ठेवणारे. एकदा बिलाशी ताळा केला तर तीन सकाळचं फॅट पावतीवर ७.४ आणि बिलावर ६.४! मामा विचारायला गेले. सेक्रेटरी म्हणाले, “आबा, पावतीचं काय धरून बसलाय, मशिन कवातरी चुकीचं दाखवतंय. कॉम्प्युटरात असंच हाय.”

झालं. विषय संपला. मामांच्या खिशातला पुरावा खोटा आणि स्क्रीनवरचा आकडा खरा.

मी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला फोन लावला. आपल्यासारखाच पोरगा असावा, बोलायला चांगला. म्हणाला, “सर, एडिटचा ऑप्शन क्लायंटनेच मागितलाय. जुनी व्हॅल्यू आम्ही ठेवत नाही, तसं कुणी मागितलंच नाही.” आता गंमत बघा. कदाचित मशिन खरंच बिघडलं असेल. कदाचित सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे दुरुस्ती केली असेल. मी त्यांना चोर म्हणत नाही. पण त्यांच्याकडेही काही दाखवायला नव्हतं ना! आकडा कुणी आणि का बदलला हे लिहिलेलं असतं, तर मामांचं समाधान तरी झालं असतं, नाहीतर पैसे तरी मिळाले असते. आता दोघांच्या मनात कायमचा किंतु राहिला आणि तो किंतु एका सॉफ्टवेअरने पेरला. इतिहास ठेवला तर प्रामाणिक माणूस वाचतो, हे आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही.

आता कुणी म्हणेल, “अहो, ऑडिट ट्रेल वगैरे मोठ्या बँकांची चैन आहे, गावाकडे कोण वापरणार?” इथेच माझं डोकं फिरतं. कारण बदलांचा माग ठेवायची व्यवस्था गावाकडे पूर्वीपासून आहे आणि तिला अस्सल मराठी नाव आहे : फेरफार!

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. गाव नमुना सात (जमीन कुणाची, कोणते हक्क) आणि गाव नमुना बारा (पीक काय) मिळून सातबारा. पण खरी मजा गाव नमुना सहामध्ये आहे. ती फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, बोजा चढला की आधी नोंद सहा नंबरला होते. तिला क्रमांक पडतो. हे क्रमांक गावागणिक सलग चालतात, म्हणजे मधला एखादा गायब झाला तर लगेच कळावं. मग महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त म्हणून वेगळ्या वहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबारावरचं नाव बदलतं. हाताने लिहिलेल्या सातबारावर जुनं नाव पुसत नसत, त्याला कंस करत. खाली नवं नाव आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. का बदललं हे पाहायचं असेल तर तो क्रमांक घ्या आणि सहा नंबरची वही उघडा.

माझ्या आयटीवाल्या मित्रांनो, जरा नीट बघा हे काय आहे. सात नंबर म्हणजे आजची स्थिती दाखवणारं टेबल. सहा नंबर म्हणजे फक्त पुढे वाढत जाणारा, क्रमांक लावलेला लॉग. प्रत्येक ओळीत लॉगकडे बोट दाखवणारी की. बदल लागू होण्याआधी ‘प्रलंबित’ अवस्था. एकाने लिहायचं (तलाठी, ज्यांचं पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालं), दुसऱ्याने मंजूर करायचं. हेच आपण कॉन्फरन्समध्ये इंग्रजी नावं लावून, भारी भारी स्लाइडवर दाखवतो आणि टाळ्या घेतो :)

शिवाय आपल्या बहुतेक ऑडिट टेबलांत नसलेली गोष्ट फेरफारात असते. आपण कोण, कधी, जुनी किंमत, नवी किंमत एवढं लिहून थांबतो. फेरफार ‘का’ तेही लिहितो. कोणत्या दस्ताने, कोणत्या आदेशाने, कुणाच्या मृत्यूमुळे, कुणाच्या वर्दीवरून. ‘का’ नसेल तर बाकी सगळा लॉग नुसता आकड्यांचा ढीग.

हे सगळं हौसेपोटी नव्हतं. त्यावर माणसांची घरं उभी राहिली आणि बसली. आमचं कुरुंदवाड पटवर्धनांचं संस्थान, १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी मुंबई कुळवहिवाट कायदा आला. पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो, कायद्यातले अपवाद सोडून, जमिनीचा मालक व्हायला पात्र ठरला. म्हणजे प्रश्न ‘आज सातबारावर कुणाचं नाव आहे’ असा नव्हता. प्रश्न होता ‘त्या दिवशी कुणाचं होतं?’ अशा प्रश्नाला फक्त आजची स्थिती ठेवणारा डेटाबेस काय कपाळ उत्तर देणार? ज्याचं नाव इतर हक्काच्या रकान्यात होतं आणि ते दाखवणारा कागद सापडत होता, त्याला जमिनीवर हक्क सांगता आला. ज्याचा कागद सापडला नाही, तो कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसला.

दुसरं उदाहरण घरोघरचं आहे. जुन्या सातबारावर पुष्कळदा थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. आता पुढच्या कुठल्यातरी नोंदीत ही तीन अक्षरं गळाली, तर आजच्या उताऱ्यावर काय दिसतं? थोरला भाऊ एकटाच मालक! धाकट्याच्या पोरांनी दावा लावायचा, तर ती तीन अक्षरं कोणत्या साली होती आणि कोणत्या फेरफाराने गेली, हे शोधावं लागतं. बहिणींचं तेच. एखादीचं नाव हक्कसोडपत्राने कमी झालं की नुसतंच उडालं, हे इतिहासावाचून कळत नाही.

असो. मी कागदाच्या प्रेमात आंधळा झालोय असं समजू नका. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर राहणाऱ्या माणसाला कागदाचं प्रेम परवडत नाही. २००५, २०१९, २०२१, प्रत्येक महापुरात आमच्याकडे पाणी आलं. पाणी आलं की कपाटातल्या वहीचा लगदा होतो. कागदी व्यवस्थेत लबाडीही होती. हाताने लिहिलेल्या सातबाराच्या वह्या दर दहा वर्षांनी नव्याने लिहायच्या, त्याला पुनर्लेखन म्हणत. कंसातली नावं तेव्हा गळायची आणि त्यांच्यासोबत कधीकधी कंसात नसलेलीही गळायची. (आपल्या भाषेत : डेटा मायग्रेशन. आणि मायग्रेशनमध्ये काय काय गळतं हे मी तुम्हाला काय सांगू!) संगणकीकरण हवंच होतं. मी त्याच्या विरुद्ध नाही, मी अर्धवट संगणकीकरणाच्या विरुद्ध आहे.

सरकारला शिव्या देणं सोपं असतं, पण इथे न्याय करू. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळत नाही म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं, लोकांसमोर उतारे वाचून चुका काढल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२० साली सातबाराचा नमुना बदलला, तेव्हा कमी झालेल्या नोंदी कंसाऐवजी आडवी रेघ मारून दाखवायचं ठरलं. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली, जुन्या फेरफारांचे क्रमांक एकत्र आले आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही हेही उताऱ्यावर छापलं जाऊ लागलं. ‘आपली चावडी’वर फेरफाराच्या नोटिसा घरबसल्या पाहता येतात. ज्याने कुणी हा नमुना ठरवला त्याला माझा सलाम. आडवी रेघ म्हणजे ‘हे होतं, आता नाही’ एवढं एका नजरेत सांगणारी खूण. आपले डिझायनर सहा मीटिंगा घेऊनही याहून चांगलं काही देणार नाहीत.

पण तक्रार आहेच. उताऱ्यावर क्रमांक दिसतो, कारण दिसत नाही. कारणासाठी फेरफाराचा उतारा वेगळा काढा, आणि तो जुना असेल तर स्कॅन केलेल्या अभिलेखांत शोधत बसा. स्क्रीनवर त्या क्रमांकावर बोट ठेवलं की फेरफार उघडला पाहिजे, इतकी साधी गोष्ट आहे ही. दुसरं म्हणजे कलम १५५. लेखनात झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी ते आहे आणि ते लागतंच, कारण टायपिंगमध्ये चुका होणारच. पण ‘चूक दुरुस्त केली’ आणि ‘हक्क बदलला’ या दोन गोष्टी डेटाबेसला सारख्याच दिसतात. म्हणून दुरुस्तीची नोंद तर जास्तच ठळक दिसायला हवी : जुना शब्द, नवा शब्द, कोणता आदेश. दुरुस्तीच्या नावाखाली काय काय आत येऊ शकतं हे गावातल्या कुणालाही विचारा. आणि कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. आता उलट सिद्ध करायचं कशाने? जुन्या नोंदीनेच ना? मग ती जुनी नोंद माझ्या हाताशी नको?

‘इतिहास लपवला तर फार तर काय होईल?’ असं विचारणाऱ्यांनी ब्रिटनच्या पोस्टाची गोष्ट वाचावी. तिथल्या पोस्टाने होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा आणली, बनवणारी कंपनी फुजित्सू. गावोगावचे पोस्टचालक सांगत होते की आमच्या हिशेबात आपोआप तूट दिसतेय. पोस्टाचं उत्तर : कॉम्प्युटरात असंच आहे. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबित झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येक घरादारासकट बुडाले. शाखेच्या हिशेबात बाहेरून कुणाला हात घालता येत नाही, असं पोस्ट वर्षानुवर्षं सांगत राहिलं. २०१९ साली हायकोर्टाने निकाल दिला की यंत्रणेत दोष होते आणि कंपनीच्या माणसांना पोस्टचालकाच्या नकळत शाखेच्या हिशेबात बदल करता येत होता. शेवटी २०२४ साली या शिक्षा रद्द करायला संसदेला खास कायदा करावा लागला. म्हणजे लॉग कुठेतरी होता हो! पण तो ज्याच्या मानगुटीवर बसला होता, त्याला दिसत नव्हता. मामांच्या फॅटची आणि या गोष्टीची जात एकच आहे, फक्त रक्कम वेगळी.

आपल्याकडचं ताजं उदाहरण हवं असेल तर २०२५ ची बिहारची मतदार यादी घ्या. पुनरीक्षणानंतर प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. राजकारण बाजूला ठेवा, मला त्यात पडायचं नाही. डेटाबेसवाल्याच्या नजरेने बघा. नवी यादी लावली होती, पण वगळलेली नावं आणि वगळण्याची कारणं समोर नव्हती. १४ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक आयोगाला सांगितलं, वगळलेल्यांची यादी कारणांसकट प्रसिद्ध करा आणि मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधता येईल अशी करा. नुसती नवी यादी देऊ नका, फरक दाखवा. आपल्या धंद्यात याला डिफ म्हणतात. स्वतःच्या कोडमध्ये एक स्वल्पविराम हलला तरी आपण डिफ बघतो, कुणी हलवला ते काढतो, त्याला चहावर टोमणे मारतो. आणि लोकांच्या दुधाचा, जमिनीचा, मताचा आकडा बदलतो तेव्हा मात्र नुसतं ‘सेव्हड सक्सेसफुली’!

आता नेहमीचे आक्षेप घेऊ. मी ते इतक्या मीटिंगांत ऐकलेत की पाठ झालेत.

“जागा फार लागेल.” हिशेब करू. ३०० सभासदांची दूध संस्था, दिवसातून दोनदा दूध, वर्षाच्या नोंदी झाल्या २ लाख १९ हजार. त्यातल्या शंभरात पाच बदलल्या असं धरलं (इतक्या बदलत असतील तर संस्थेलाच टाळं लावा), तर सुमारे ११ हजार जुन्या ओळी. एका ओळीला २०० बाइट धरले तरी वर्षाला दोन एमबीच्या आसपास. तुमच्या मोबाईलवर काढलेला एक फोटो याहून मोठा निघेल. पुढचा आक्षेप?

“बनवायला अवघड.” २०११ च्या एसक्यूएल मानकातच नोंदींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळायची सोय आली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून आहे, मारियाडीबीत २०१८ पासून आहे. तुमच्या डेटाबेसमध्ये नसेल तर एक जादा टेबल आणि एक ट्रिगर. एका शनिवारचं काम आहे, मी करून बघितलंय.

“सामान्य माणूस गोंधळेल.” हा तर माझा सर्वात नावडता आक्षेप. कंस, वर्तुळ, इतर हक्क, पोटखराबा असा सगळा सातबारा शाळा न शिकलेली आमची आजी बोट ठेवून समजावून सांगायची. मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाला ‘इतिहास पहा’ अशी जागा आहे, २००३ पासून लोक तिथे लिहिताहेत, कुणाला चक्कर आल्याचं ऐकलं नाही. गोंधळ दिसण्याने होत नाही, लपवण्याने होतो.

“प्रायव्हसीचं काय?” हा आक्षेप खरा आहे, त्याला मान देऊ. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा, पुसून घ्यायचा हक्क दिलाय, आणि कायद्याने ठेवावी लागणारी माहिती त्यातून सुटते. मी असं म्हणतच नाही की मामांच्या दुधाचा इतिहास अख्ख्या गावाला दाखवा. मामांना दाखवा! ज्याची नोंद, त्याला तिचा पूर्ण इतिहास. बाकीच्यांना जेवढी नोंद दिसायची मुभा आहे तेवढाच. ‘प्रायव्हसी’ म्हणून ज्याची माहिती त्यालाच अंधारात ठेवायचं, हा कुठला न्याय?

“ॲडमिन तर लॉगही बदलू शकतो.” बरोबर. म्हणून लॉगच्या टेबलावर बदलायची आणि पुसायची परवानगी कुणालाच देऊ नका, प्रोग्रॅमलाही नाही. डेटाबेसच्या मालकाचा पासवर्ड सेक्रेटरींकडे नको. क्रमांक सलग ठेवा. आणि गावात एक अजून स्वस्त उपाय आहे : दर दहा दिवसांच्या बिलासोबत, त्या काळात बदललेल्या नोंदी ज्याच्या त्याच्या बिलाच्या तळाशी छापा. ‘१२ तारीख सकाळ, फॅट ७.४ होते, ६.४ केले, कारण मशिन तपासणी, बदलणार अमुक.’ एकदा छापून तीनशे खिशांत गेलेला लॉग कुठला ॲडमिन बदलणार आहे?

आणि शेवटचा, खरा आक्षेप, जो कुणी तोंडाने बोलत नाही : “क्लायंटला नको असतं.” हो, नको असतंच! कुणाला नको असतं आणि का, याचा विचार करा. कंपन्यांनाही नको होतं. म्हणून तर केंद्र सरकारने नियम केला. १ एप्रिल २०२३ पासून, हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर असं हवं की प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती नोंदवण्याची सोय बंद करता येणार नाही. ‘बंद करता येणार नाही’ हे शब्द महत्त्वाचे. ही तारीख आधी दोनदा पुढे ढकलली गेली होती, यावरून ओढ किती होती ते समजा. पण हा नियम कंपन्यांसाठी आहे. दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायटी कंपनी कायद्यात येत नाहीत. म्हणजे ज्या हिशेबावर आमच्या शिरोळ तालुक्यातलं निम्मं घरदार चालतं, तिथे हा नियम पोचतच नाही. सहकाराच्या जोरावर मोठा झालेला आपला जिल्हा. सभासद हाच मालक, हे भाषण आम्ही लहानपणापासून ऐकतोय. मग मालकाला स्वतःच्या खात्यातली खाडाखोड का दिसू नये? असाच नियम सहकारी संस्थांनाही लागू झाला पाहिजे, आणि तो होईपर्यंत प्रत्येक वार्षिक सभेत सभासदांनी मागणी करून ठराव करून घ्यावा. माझ्या मते संचालक मंडळाच्या निवडणुकीपेक्षा हा ठराव महत्त्वाचा आहे.

आणि आपल्यासाठी, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांसाठी? वरून नियम येण्याची वाट बघायची गरज नाही. ते दूध संस्थेचं सॉफ्टवेअर लिहिणारा पोरगा खोटं बोलला नव्हता, खरंच कुणी मागितलं नसेल. पण गवंड्याला पाया घाल असं वेगळं सांगावं लागतं का? दुसऱ्याच्या पैशाची, जमिनीची, हजेरीची, मार्कांची नोंद ठेवणारं काहीही लिहीत असाल, तर जुनी नोंद पुसू नका, तिच्यावर रेघ मारा. ‘का’ या रकान्याशिवाय बदल सेव्हच होऊ देऊ नका. आणि तो इतिहास ॲडमिनच्या कुठल्यातरी सातव्या मेनूत न पुरता, नोंदीच्या शेजारी, तिच्या मालकाला दिसेल असा ठेवा. क्लायंट नको म्हणाला तर त्याला विचारा, का नको. बहुतेकांना उत्तर देता येत नाही, आणि ज्यांना देता येतं त्यांच्यापासून सावध राहा.

बाकी आयटीत नसलेल्या वाचकांना एकच विनंती. पावत्या जपून ठेवा, आपल्या गटाचे फेरफार एकदा काढून घरात ठेवा (प्लास्टिकच्या पिशवीत आणि माळ्यावर, आमच्याकडचे असाल तर). आणि इथून पुढे खिडकीपलीकडून कुणी म्हणालं, “कॉम्प्युटरात असंच आहे,” तर मान खाली घालून परत फिरू नका. शांतपणे विचारा, “आधी कसं होतं, आणि कुणी बदललं?”

उत्तर मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही.